पसंतीक्रम

लाखांदूरच्या ई-सेवा केंद्रात दोनच खुर्च्या.
एकीवर नीळकंठभाऊ, दुसरीवर प्रिंटर.
मी उभी.
भिंतीवर कुणाचा तरी विसरलेला पासपोर्ट फोटो
टेपनं चिकटवलेला, मालक सापडेपर्यंत.

चारशे नऊ मार्क.
एमबीबीएस उंच झाडावरच्या मोहोळासारखं,
दिसतं, बस्स.
हाताशी उरलं ते बीएएमएस, बीएचएमएस, बीपीटीएच,
नागपूर, वर्धा, अमरावती,
आणि एक सांगली,
जी नकाशात शोधावी लागली.

"वर कोनतं टाकू?"

फॉर्मला सगळं हवं होतं :
डोमिसाइल, नॉन-क्रिमिलेअर, बापाचं उत्पन्न,
आईच्या नावाचं स्पेलिंग, दहावीच्या सनदेवर आहे तसंच, चुकलेलं.
का, एवढं मात्र तो कुठंच विचारत नव्हता.
विचारलं असतं तर
मी मोठेबाचे हात लिहिले असते.

दसरू मोठेबा. जाळं वळचणीला टांगलं की
हाडं बसवायचा.
टोरीचं तेल कोमट करून, डोळे मिटून
सुजलेल्या घोट्यावर अंगठा असा फिरवायचा
जसा गढूळ पाण्यात मासा चाचपावा,
घाई केली की गेला.
मग बांबूच्या कमच्या, उडदाचं पीठ, जुन्या धोतराची पट्टी.
बॅटरी मी धरायची.
पाचवीत होते तेव्हा माझं बोट धरून
त्यानं गोऱ्ह्याच्या खांद्यावर ठेवलं.
"काय लागते?"
"काहीच नाही."
"पुन्हा पाह्य."
दुसऱ्यांदा लागलं.

नीळकंठभाऊ एका हातानं टाइप करतो.
डावा मांडीवर, बोटं अर्धी मिटलेली,
मुठीत काही आणलंय अन् दाखवायचं राहिलंय, तशी.
कित्येक वर्षं पाहिलेलं. विचारलं आज.

"तुह्या मोठेबानंच बांधला होता,"
नजर स्क्रीनवरच.
"बोरीवरून पडलो. हाड बसवलं त्यानं, सूतभर वाकडं नाही.
पट्टी घट्ट झाली. तिसऱ्या दिवशी बोटं निळी.
डॉक्टर म्हने, हाड बेस आहे, हात गेला."
मग, त्याच आवाजात :
"सही पन्नास केबीच्या आत पाह्यजे."

म्हणून मोठेबा पट्टी बांधली की रात्री झोपत नाही.
पहाटे सायकल काढून त्या घरी जातो,
पोराचं नख दाबतो, सोडतो,
पांढऱ्याचं परत लाल होतं का बघतो.
मला वाटायचं, मंत्राचाच भाग असेल.

"मग नंतर व्यायाम नाही सांगितला कोणी?"
"सांगतला ना. हप्त्यातून दोनदा नागपूर.
कोन नेते?"

पंखा बंद पडला. इन्व्हर्टरवर स्क्रीन तेवढी चालू.
आई म्हणाली होती, फिजिओ म्हणजे मालिशच ना,
त्याले कायले शिकाव लागते?
मामा म्हणाले होते, निदान नावाआधी डॉक्टर लागेल ते बघ.
"बीपीटीएच, नागपूर," मी म्हटलं. "एक नंबरवर."
"सांगली?"
"राहू द्या. खाली."

ओटीपी मोठेबाच्या फोनवर जाणार,
आमच्या घरात रिचार्ज फक्त त्याचा.
तो तलावावर. वारा मधे मधे बोलत होता.
"आठ," मोठेबा म्हणाला, आणि थांबला.
"शून्य." थांबला.
एकेक आकडा पाठीच्या मणक्यासारखा,
आधी चाचपून, मग पुढचा.
चौथ्यावर वेळ संपली.
दुसरा मागवला. तो बसला.

पावती निघाली. नीळकंठभाऊनं तिची घडी घातली
आणि डाव्या मुठीच्या कडेनं दाबली,
पक्की.
"पन्नास रुपये."
मी दिले. त्यानं सुटे मोजून परत केले, एकाच हातानं.

फाट्यावर पोचेपर्यंत मोठेबाचा फोन :
"शेवटचा सहा होता का नऊ?
थांब. पुन्हा पाह्यतो."